रविवारची उपासना आणि बी.पी.चा पट्टा



आपला माणूस दवाखान्यात जायला का टाळतो, हे आपल्या घरांत कुणी समजावून सांगायला नको. एक दिवसाची रोजी बुडते, केसपेपरच्या रांगेत सकाळ जाते, आणि एवढे करून डॉक्टर दोन मिनिटे तरी नीट बोलेल याची खात्री नसते. अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाचे दुखणे याहून फारसे वेगळे नव्हते. तेथल्या काही जाणत्या मंडळींनी हा प्रश्न उलटा करून पाहिला. माणूस दवाखान्यात येत नाही ना? मग तो जेथे दर आठवड्याला न चुकता, स्वच्छ कपडे घालून, बायकामुलांसह येतो, तेथे दवाखान्यानेच का जाऊ नये? ती जागा म्हणजे चर्च. या आठवड्यात त्याचीच हकिकत सांगायची आहे.

आधी चर्च म्हणजे त्या समाजाला काय आहे ते समजून घ्यावे लागेल. गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली, पण त्यानंतरही शाळा, बँक, हॉटेल, इस्पितळ बहुतेक सगळे गोऱ्यांच्या ताब्यात होते. ज्या इमारतीची वीट न् वीट आपल्या पैशाने रचली आणि जिच्या किल्ल्या आपल्याच माणसाच्या कमरेला होत्या, अशी एकच वास्तू त्यांच्याजवळ होती. प्रार्थना तर तेथे व्हायचीच, पण लिहिणे-वाचणे शिकवणे, मयताचा फंड जमवणे, नोकरीची खबर देणे हेही तेथेच व्हायचे. १९५५ मध्ये माँटगोमेरी शहरात बसवरचा बहिष्कार पुढे चालवायचा की नाही, याचा निर्णय घेणारी प्रचंड सभा भरली ती होल्ट स्ट्रीटवरील बॅप्टिस्ट चर्चमध्येच. मार्टिन ल्यूथर किंग स्वतः पास्टर होते, हे आपण जाणतोच.

म्हणून आरोग्याची चळवळही चर्चच्या दारातून सुरू झाली यात नवल नाही. १९१५ मध्ये बुकर टी. वॉशिंग्टन यांनी टस्कीगी येथून ‘राष्ट्रीय निग्रो आरोग्य सप्ताह’ सुरू केला. (त्या काळी तो शब्द त्या समाजातही वापरात होता.) घर-अंगण साफ करणे, विहिरी झाकणे, माश्या मारणे, मुलांना लस टोचणे असा कार्यक्रम असायचा आणि त्या रविवारी पास्टर स्वच्छतेवर प्रवचन द्यायचे. हा सप्ताह १९५१ पर्यंत पाळला गेला.

परंतु त्याच टस्कीगीच्या परिसरात दुसरी एक गोष्ट घडत होती. ती सांगितल्याशिवाय पुढचे काहीच कळणार नाही.

१९३२ मध्ये अमेरिकन सरकारच्या आरोग्य खात्याने अलाबामा राज्यातील मेकन काउंटीत सहाशे कृष्णवर्णीय पुरुष निवडले. बहुतेक सगळे दुसऱ्याच्या शेतात वाट्याने राबणारे. त्यांपैकी ३९९ जणांना उपदंश म्हणजे सिफिलिस झालेला होता, २०१ जणांना नव्हता. आजाऱ्यांना सांगितले गेले की तुमचे ‘रक्त खराब’ आहे आणि सरकार तुमच्यावर फुकट उपचार करील. वास्तविक उपचार करायचेच नव्हते. आजार न थांबवता सोडला तर माणूस कसकसा झिजत मरतो, ते पाहायचे होते! पाठीच्या मणक्यात सुई खुपसून पाणी काढायचे आणि त्यालाच ‘खास उपचार’ म्हणायचे. १९४७ च्या सुमारास पेनिसिलिन हे या रोगावरचे सर्वमान्य औषध झाले, तरी ते या लोकांना मुद्दाम मिळू दिले नाही. मेल्यावर शरीर चिरून पाहू द्यावे म्हणून अंत्यविधीच्या खर्चाचे आमिष दाखवले. हे एक-दोन नव्हे, चाळीस वर्षे चालले. १९७२ मध्ये वर्तमानपत्रांनी ते चव्हाट्यावर आणले तेव्हा कोठे थांबले, आणि सरकारच्या वतीने राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली ती १९९७ मध्ये.

हे लोक गोळा कसे केले? गावच्या शाळांतून आणि चर्चमधून निरोप देऊन. विश्वासाची जागा तीच, निरोपही त्याच दारातून आला, आणि आत मात्र विष होते. म्हणून आजही चर्चच्या आवारात पांढरा कोट घालून कुणी आले की म्हातारी माणसे आधी विचारतात, ‘हा कुणाचा माणूस? आमचे रक्त घेऊन कोठे नेणार?’ या प्रश्नाला अडाणीपणा म्हणणाऱ्या डॉक्टरला ही हकिकत माहीत नसावी, किंवा माहीत असून तो विसरला असावा.

तेव्हा नव्या कामाची पहिली अट हीच ठरली की बाहेरचा माणूस पुढे नको. मंडळीतल्याच चार जणांना शिकवायचे. एखादी निवृत्त नर्स असते, एखादी शाळेत स्वयंपाक करणारी ताई असते, एखादा बस चालवणारा भाऊ असतो. विद्यापीठाचे लोक शिकवून मागे सरतात आणि नोंदी मंडळीजवळ राहतात. शिकागोजवळ १९८४ च्या सुमारास ग्रेंजर वेस्टबर्ग नावाच्या ल्यूथरन पास्टरने एका इस्पितळाच्या मदतीने सहा मंडळ्यांमध्ये नर्स नेमण्याचा प्रयोग केला. ‘पॅरिश नर्स’ म्हणजे मंडळीची नर्स ही कल्पना तेथून पसरली. ती इंजेक्शने देत फिरत नाही. कुणाचे औषध संपले, कोण डॉक्टरने सांगितलेले न समजताच घरी आले, कोण एकटे पडले, यावर तिची नजर असते.

सर्वांत जास्त काम झाले ते रक्तदाबावर. कारण उघड आहे. अमेरिकेत कृष्णवर्णीयांमध्ये हा आजार गोऱ्यांपेक्षा जास्त आढळतो, लवकर सुरू होतो आणि त्यापायी पक्षाघात आणि मूत्रपिंडाचा बिघाडही जास्त होतो. बी.पी. दुखत नाही ही त्याची खरी लबाडी! दाढ दुखली की माणूस धावत जातो. बी.पी. वर्षानुवर्षे मुक्याने नसा खराब करते आणि एके दिवशी एक बाजू लुळी पडते. म्हणून उपासना संपली की चर्चच्या तळघरातल्या सभागृहात दोन खुर्च्या आणि एक टेबल मांडायचे, दंडाला पट्टा बांधायचा आणि आकडा कार्डावर लिहून द्यायचा.

येथे थोडे थांबून एक कामाची गोष्ट सांगतो, कारण बी.पी. चुकीचे मोजले तर न मोजलेलेच बरे. मोजण्यापूर्वी पाच मिनिटे स्वस्थ बसावे. अर्ध्या तासात चहा, तंबाखू, विडी घेतलेली नसावी. लघवी तुंबलेली नसावी. पाठ टेकलेली, दोन्ही पावले जमिनीवर, मांडीवर मांडी नको. हात टेबलावर, छातीच्या उंचीला ठेवावा. पट्टा उघड्या दंडावर बांधावा, सदऱ्यावरून नव्हे. मोजताना बोलू नये. एक-दोन मिनिटांनी पुन्हा मोजावे. एकदा १४०/९० च्या वर आले म्हणजे लगेच आजार ठरत नाही, वेगवेगळ्या दिवशी पुन:पुन्हा तसे आले तर डॉक्टर ठरवतात. मात्र आकडा १८०/१२० च्या पुढे असेल आणि सोबत छातीत दुखणे, धाप किंवा बोलणे अडखळणे असेल, तर त्या दिवशी रविवार असो की दिवाळी, थेट इस्पितळ गाठावे.

आता जेवणाकडे वळू. दक्षिणेकडील चर्चमधले जेवण ही मोठी प्रेमाची बाब आहे. तळलेली कोंबडी, चीज घातलेली मॅकरोनी, गोड पाव, केक. कोलार्ड म्हणून कोबीच्या कुळातली जाड पानांची भाजी असते, पण तीही खारवलेल्या डुकराच्या हाडकाबरोबर तासन् तास शिजवलेली. गुलामीत मालकाने टाकून दिलेल्या तुकड्यांतून आज्या-पणज्यांनी ही चव उभी केली. ‘हे खाऊ नका’ असे कुणी परक्याने म्हटले, तर ते आजीच्या हातावरच बोट ठेवल्यासारखे वाटते. आपल्या घरांतही सुकट-बोंबील आणि वजडीबद्दल कुणी नाक मुरडले की कसे वाटते ते आठवून पाहा.

नॉर्थ कॅरोलिना राज्यात १९९४ ते १९९६ या काळात दहा काउंट्यांतील सुमारे पन्नास कृष्णवर्णीय चर्चनी मिळून जे केले ते म्हणूनच मला फार शहाणपणाचे वाटते. त्यांनी ‘सोडा’ हा शब्दच वापरला नाही, ‘वाढवा’ म्हटले. रोज पाच वेळा फळ किंवा भाजी पोटात जावी एवढाच धडा. मंडळीतल्या बायकांकडूनच पाककृती मागवून त्यांचे पुस्तक केले. डुकराच्या हाडकाऐवजी धुरावलेले टर्की, मिठाऐवजी मिरी आणि लसूण असे बदल त्यांनीच चाखून ठरवले. चर्चच्या जागेत वाफे केले, फळझाडे लावली. गावच्या किराणा दुकानदाराला गाठून भाजी ठेवायला लावली, कारण दुकानात टोमॅटोच नसेल तर उपदेश काय कामाचा? चर्चच्या प्रत्येक जेवणात फळांची परात आली. पास्टर व्यासपीठावरून बोलले, आणि मुख्य म्हणजे त्यांच्याही ताटात ती भाजी दिसली!

निम्म्या चर्चमध्ये हा कार्यक्रम आधी केला, उरलेल्यांत नंतर, म्हणजे तुलना करता यावी. दोन वर्षांनी सुमारे अडीच हजार माणसांची विचारपूस झाली. कार्यक्रम झालेल्या चर्चमधली माणसे दुसऱ्यांपेक्षा रोज सरासरी ०.८५ वाढप जास्त फळे-भाज्या खात होती, म्हणजे धरून चाला एक लहान वाटी. सर्वांत जास्त फरक पडला तो म्हाताऱ्यांत, विधवा-विधुरांत आणि नेमाने चर्चला येणाऱ्यांत. सर्वांत कमी अठरा ते सदतीस वयाच्यांत. तरुण मंडळी सगळ्या देशांत सारखीच, दुसरे काय!

बाल्टिमोर शहरात ‘प्रोजेक्ट जॉय’ म्हणून चाळिशीच्या पुढच्या बायकांसाठी काम झाले. सोळा चर्च, ५२९ बायका. त्यांत एक गमतीची गोष्ट घडली. संशोधकांनी काही चर्चमध्ये व्यायाम आणि आहाराचे वर्ग प्रार्थनेसह ठेवले, तर काहींमध्ये मुद्दाम प्रार्थनेवाचून, म्हणजे प्रार्थनेने काही फरक पडतो का ते कळेल. पण प्रार्थनेवाचूनच्या वर्गांतही बायकांनी आपणहून प्रार्थना आणि गाणी सुरू केली! शेवटी दोन्ही गट एकच धरावे लागले. वर्षाअखेर वजन सरासरी अर्धा किलोच उतरले, हे खरे. परंतु ज्या एक-दशांश बायकांना सर्वांत जास्त यश आले, त्यांचे सुमारे नऊ किलो उतरले. केवळ पुस्तिका दिलेल्या गटात मात्र काहीच हलले नाही.

हे सगळे ऐकून कुणी म्हणेल, चला, मोजले की झाले. तसे नाही. न्यूयॉर्कमधील ३२ चर्चमध्ये रक्तदाबाच्या ३७३ रोग्यांवर काम झाले, त्याचा अहवाल २०१८ मध्ये आला. वर्गांना येणाऱ्यांचे वरचे बी.पी. सहा महिन्यांत दुसऱ्यांपेक्षा सुमारे सहा अंशांनी जास्त उतरले. पण नऊ महिन्यांनी तो फरक तितका खात्रीचा राहिला नाही. वर्ग संपले की माणूस जुन्या वाटेला लागतो. त्याच वर्षी लॉस एंजेलिसमधील ५२ केशकर्तनालयांचा अहवालही निघाला. तेथे ३१९ पुरुषांचे दोन गट केले. एका गटाला न्हाव्याने नुसते सांगितले की डॉक्टरकडे जा. दुसऱ्या गटासाठी औषधतज्ज्ञ दुकानातच येऊन, डॉक्टरांशी ठरवून, गोळ्या लिहून देऊ लागला. सहा महिन्यांत पहिल्या गटाचे बी.पी. सुमारे ९ अंशांनी उतरले आणि दुसऱ्याचे तब्बल २७ अंशांनी! फरक गोळीने केला. ज्या चर्चमध्ये पट्टा आहे, पण पुढे गोळी मिळण्याची सोय नाही, तेथे माणसाला केवळ काळजी देऊन घरी पाठवले जाते.

धर्माच्या जागेची आणखी एक अडचण आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. १९८० च्या दशकात न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात एड्सने घरेच्या घरे रिकामी केली, तेव्हा अनेक चर्च गप्प होती. हा पापाचा रोग, असे व्यासपीठावरून बोलले जायचे. इतर रोग्यांच्या खाटेजवळ मंडळीचे लोक फुले घेऊन यायचे, एड्सच्या खाटेजवळ कुणी फिरकत नसे. हार्लेम इस्पितळात काम करणाऱ्या पर्नेसा सील यांना हे सहन झाले नाही. १९८९ मध्ये त्यांनी चर्च आणि मशिदींना एकत्र आणून आठवडाभराची प्रार्थना घडवली. भांडण मांडले असते तर दारे बंद झाली असती. प्रार्थनेला या म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? आत आल्यावर मग रोगाचे नाव उच्चारावेच लागले.

आता आपल्या अगदी जवळचा धागा. १९७२ मध्ये मुंबईत ‘दलित पँथर’ उभी राहिली, तिचे नाव अमेरिकेतल्या ‘ब्लॅक पँथर’वरून घेतले, हे वाचकांना ठाऊक आहे. त्या ब्लॅक पँथरने मुलांना फुकट न्याहारी देण्याचा पहिला कार्यक्रम जानेवारी १९६९ मध्ये ओकलंडच्या सेंट ऑगस्टिन चर्चमध्ये सुरू केला, आणि १९७१ पासून गावोगाव सिकलसेलच्या फुकट तपासण्या केल्या. हा रक्ताचा आजार त्यांच्यात आहे, तसाच आपल्या विदर्भातही आहे. आदिवासी बांधवांप्रमाणे बौद्ध कुटुंबांतही तो बराच आढळतो. लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात, हाडांत-सांध्यांत असह्य कळा येतात. या रोग्यांना वारंवार रक्त लागते. ते आपल्याच वंशाच्या दात्याचे असले तर जुळण्याचा संभव जास्त, म्हणून सेंट लुईस शहरातील कृष्णवर्णीय चर्चमध्ये ‘सिकलसेल सब्बाथ’ नावाने रक्तदान होऊ लागले, आणि कधीच रक्त न दिलेली माणसे तेथे पहिल्यांदा पुढे आली.

नायजेरियातला प्रयोग तर मुद्दाम वाचण्याजोगा आहे. तेथील एनुगू राज्यात चाळीस चर्च निवडली. अर्ध्यांमध्ये असे करीत की रविवारी पाद्री गरोदर बायकांना नवऱ्यासह पुढे बोलावून आशीर्वाद देई, नावे लिहून घेतली जात, आणि महिन्यातून एकदा चर्चमध्ये त्यांचे डोहाळजेवणासारखे कौतुक होई. गाणी, खेळ, भेटी. त्याच वेळी रक्ताच्या अनेक तपासण्या एकदम होत. त्यांत एच.आय.व्ही. होती, काविळीची होती, सिकलसेलचीही होती. सगळ्यांच्या सगळ्याच तपासण्या, त्यामुळे कुणाकडे बोट दाखवायला जागा नाही. बाळंतपणाला लागणाऱ्या स्वच्छ वस्तूंची पिशवीही मिळे. तीन हजार बायकांची ही नोंद २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. या चर्चमध्ये ९२ टक्के बायकांची एच.आय.व्ही. तपासणी झाली, दुसऱ्यांमध्ये ५५ टक्के. नवरा शेजारी उभा होता, ही त्यातली मोठी गोष्ट!

त्याच देशात दुसरी एक रीत आहे, आणि तिच्याबद्दल माझे मत वेगळे आहे. तेथील पुष्कळ चर्च लग्नाआधी वधूवरांकडून सिकलसेलचा अहवाल मागतात, आणि दोघेही वाहक निघाले तर काही ठिकाणी लग्न लावायलाच नकार देतात. हेतू चांगला, परंतु पत्रिका जमली का आणि हातात हळद लागायची तयारी झाली का, मग अहवाल मागायचा, हा मुलीवर अन्याय आहे. मोडलेल्या लग्नाचा डाग कुणाला लागतो, हे आपल्या भगिनींना विचारा. वाहक म्हणजे रोगी नव्हे. एकाच पालकाकडून दोष आलेला माणूस वाहक. तो राबतो, खेळतो, म्हातारा होतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात आजारी मूल होण्याचा संभव चारांत एक, वाहक मूल होण्याचा चारांत दोन, आणि अगदी निर्दोष मूल होण्याचाही चारांत एक. एकजण वाहक आणि दुसरा निर्दोष असेल, तर आजारी मूल होत नाही. हे समजून जोडप्याने काय ते ठरवावे, धर्मगुरूने त्यांच्या वतीने ठरवू नये.

आपल्या देशात १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करून प्रत्येकाच्या हाती कार्ड द्यायचे, असे त्यात ठरले. तपासणी सोपी आहे. बोटाच्या एका थेंबावर पहिली चाचणी होते, आणि ती सदोष आली तर इलेक्ट्रोफोरेसिससारख्या दुसऱ्या चाचणीने तो वाहक आहे की रोगी ते ठरते. पहिल्याच चाचणीवर कुणाला काही सांगू नये. आणि ही तपासणी दहावी-बारावीच्या वयात, लग्नाचा विषयही घरात निघालेला नसताना करून घ्यावी. मुलामुलींची सारखीच, शक्य तर सगळ्या वस्तीची एकाच दिवशी, म्हणजे कोण कशासाठी गेले हे विचारण्याचे कारणच उरत नाही. कार्ड मात्र ज्याचे त्याच्याजवळ राहू द्यावे.